१८७१ चा हंगाम आणि साठ दिवसांचा नियम

मी, मोरेश्वर विनायक खांबेटे, वय वर्षे बाहत्तर, मूळ गाव मिरज, सध्या वास्तव्य नेपरव्हिल, इलिनॉय, विमा कंपनीतून निवृत्त झालेला गणितज्ञ, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याइतक्या जवळ सध्या कोणी राहत नाही.

१९९८ साली केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द होत आहे. त्यात सर्व काही माझी पत्नी शरयू हिच्या नावे होते. ती नोव्हेंबर २००२ मध्ये गेली. ते कागद बदलायला मला सव्वापाच वर्षे लागली, याला कारण आळस नव्हे, एवढेच नोंदवतो.

वकीलबाई या मजकुराची इंग्रजी प्रत तयार करतील. दोन्ही प्रतींत तफावत आढळल्यास मालमत्तेपुरती इंग्रजी प्रत ग्राह्य धरावी आणि माणसांपुरती मराठी.

कलम १. माझे दहन करावे. विधी करू नयेत. रक्षा मिरजेला नेण्याचा खटाटोप करू नये. तिथे आता ती घेऊन कुठे जावे हे सांगणारेही कोणी उरलेले नाही.

कलम २. राहते घर, बँकेतील ठेवी आणि निवृत्तिवेतन खात्यातील शिल्लक माझी मुलगी नेत्रा हिला मिळावी. ती सिएटलला असते. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता तिचा फोन येतो आणि त्यात कधीही खंड पडलेला नाही, हे मी कृतज्ञतेने लिहीत आहे. घर विकून टाकावे. ती म्हणाली होती, "बाबा, आय डोन्ट नीड द हाउस. आय नीड यू टु ईट प्रॉपर्ली." दोन्ही गोष्टींची मी नोंद घेतली आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

शरयूच्या साड्या पुढच्या खोलीतील कपाटात तिने लावून ठेवल्या तशाच आहेत. त्यांची वाटणी नेत्राने करावी. मी कपाट दोनदा उघडले आणि दोनदा बंद केले.

कलम ३. बर्फ उडवण्याचे यंत्र शेजारच्या डोरोथी कोवाल्स्की यांना द्यावे असे मनात होते. परंतु त्यांना मी साक्षीदार होण्याची विनंती केली आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असे वकीलबाई म्हणतात. म्हणून यंत्र काल मी स्वतः ढकलत त्यांच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवले. सुरू करताना दोरी दोनदा हळू आणि तिसऱ्यांदा जोरात ओढावी लागते.

कलम ४. माझा स्लाइड-प्रोजेक्टर फॉक्स व्हॅली मराठी मित्रमंडळाचे माजी अध्यक्ष श्री. कुमार आठल्ये यांना द्यावा. २००१ च्या गणेशोत्सवात 'व्यावसायिक बेसबॉलचा पहिला हंगाम' या विषयावर मला चाळीस मिनिटे दिलेली होती. नवव्या मिनिटाला आठल्ये मंचावर येऊन माइकमध्ये म्हणाले, "खांबेटेकाकांना एक जोरदार टाळी! जेवण गरम आहे मंडळी!" तेव्हा अकरावी स्लाइड चालू होती. प्रोजेक्टरसोबत बारा ते अडतीस क्रमांकाच्या स्लाइड द्याव्यात. त्यांनी सवडीने पाहाव्यात.

कलम ५. आता माझ्या संग्रहाविषयी. हे कलम लांबेल. वाचणाऱ्याने चहा करून घ्यावा.

जेवणाच्या खोलीत भिंतीलगत लाकडी खणांचे एक कपाट आहे. त्यात पाच बाय आठ इंचांची एकशे सत्तावीस कार्डे आहेत. प्रत्येक कार्ड म्हणजे १८७१ साली अमेरिकेतील पहिल्या व्यावसायिक बेसबॉल संघटनेत खेळला गेलेला एक सामना. कोणत्या डावात किती धावा झाल्या, कोण बाद झाले, पंच कोण होता, हवा कशी होती, हे सर्व त्या काळच्या वृत्तपत्रांच्या मायक्रोफिल्मवरून उतरवलेले आहे. दोन वृत्तपत्रांत जिथे मेळ बसत नाही तिथे तांबडी खूण आहे. या कामाला अकरा वर्षे लागली.

ज्यांना बेसबॉल अजिबात कळत नाही त्यांनी घाबरू नये. त्या वेळचा खेळ आजच्या बेसबॉलपेक्षा आपल्या गल्लीतल्या क्रिकेटला अधिक जवळचा होता. चेंडू टाकणारा हात खालून फिरवून टाकत असे आणि तो अवघ्या पंचेचाळीस फुटांवर उभा असे. फलंदाजाला चेंडू वर हवा की खाली, हे तो आधी सांगू शकत असे; आपण नाही का, "नीट टाक रे, फुलटॉस नको," म्हणून ओरडत होतो? हातमोजे जवळपास कोणी घालत नसे, त्यामुळे हंगामाअखेर यष्टिरक्षकासारख्या मागे उभ्या राहणाऱ्या गड्याची बोटे वाकडी झालेली असत. आणि सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे, रेषेबाहेर गेलेला चेंडू एका टप्प्यानंतर झेलला तरी फलंदाज बाद! मिरजेच्या किल्ल्याच्या मैदानावर आम्ही ज्याला 'एक टप्पा आउट' म्हणत असू, तो नियम मला शिकागोच्या जुन्या वर्तमानपत्रात सापडला, तेव्हा ग्रंथालयात मी मोठ्याने हसलो होतो आणि तिथल्या बाईंनी मला बोट ओठांवर ठेवून दाखवले होते.

त्या हंगामात नऊ संघ होते. वेळापत्रक कोणी ठरवून दिलेले नव्हते. संघांनी एकमेकांना पत्रे लिहायची आणि सामने जुळवायचे. एक संघ ऑगस्टमध्येच मोडला. ऑक्टोबरच्या सुरुवातीस शिकागोचा संघ विजेतेपदाच्या शर्यतीत होता, आणि त्याच आठवड्यात शिकागो शहर जळाले. मैदान गेले, प्रेक्षकांसाठीचे लाकडी सज्जे गेले, खेळाडूंचे गणवेश गेले. तरीही उरलेले सामने खेळायला ते पूर्वेकडे निघाले. शेवटचा सामना ब्रुकलिनला, तीस ऑक्टोबरला, पाचेकशे लोकांसमोर झाला. शिकागोचे खेळाडू इतर संघांकडून मागून आणलेल्या वेगवेगळ्या रंगांच्या कपड्यांत उभे राहिले आणि चार विरुद्ध एक असे हरले. पुढची दोन वर्षे शिकागोत संघच नव्हता.

शरयू गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी या एका सामन्यावर चार महिने काम केले. एका सामन्याला एवढा वेळ लागत नाही.

कलम ६. हे काम मी एकट्याने केले असे कोणी समजू नये. श्री. प्रताप गोविंद वानखडे, मूळ गाव अमरावती, शिक्षण नागपूर, राहणार शॉमबर्ग, निवृत्त स्थापत्य अभियंता, हे १९९६ पासून दर शनिवारी सकाळी साडेनऊला मला न्यायला येत. ग्रंथालयातील मायक्रोफिल्मच्या यंत्राशी ते बसत आणि वाचत. मी शेजारी बसून लिहीत असे. छापील इंग्रजी ते आपल्या पद्धतीने सांगत. "लिही राजा, पाचव्या डावात शिकागोवाले झोपून राहिले." मी म्हणे, "प्रताप, धावा सांग." तो म्हणे, "शून्य. झोपलेला माणूस किती धावा काढन?"

शरयूच्या आजारपणात तो शनिवारी यायचा थांबला नाही. फक्त ग्रंथालयाऐवजी आम्ही रुग्णालयात जात असू. ती गेल्यानंतर दोन आठवड्यांनी शनिवारी साडेनऊला त्याची गाडी दारात उभी राहिली. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "मी कुठं काय म्हणून राहिलो? बस गाडीत." आम्ही परत ग्रंथालयात जाऊ लागलो.

आता वादाचे मूळ सांगतो. १८७१ मध्ये नियम असा होता की, एका संघाकडून खेळलेला माणूस साठ दिवस गेल्याशिवाय दुसऱ्या संघाकडून खेळू शकत नाही. रॉकफर्डच्या संघाने असा एक गडी मुदतीआधी खेळवला. हंगाम संपल्यावर समितीने त्यांनी मैदानावर जिंकलेले चार सामने हरल्याचे ठरवले. मला हा निकाल फार आवडत असे. नियम म्हणजे नियम, असे मी म्हणत असे. प्रताप म्हणत असे, "जे मैदानात झालं ते झालं बे. कागदानं धावा पुसतात का?" हा वाद आम्ही सात वर्षे आनंदाने घालत होतो.

२००२ साली मित्रमंडळाच्या टेनिस-चेंडू क्रिकेट स्पर्धेची नियमावली लिहिण्याचे काम सचिव म्हणून माझ्याकडे आले. आयत्या वेळी बाहेरचे खेळाडू आणण्याचे प्रकार वाढले होते. मी नियम क्रमांक चौदा लिहिला: सदस्य होऊन साठ दिवस झाल्याखेरीज कोणालाही खेळता येणार नाही. हा आकडा मी कुठून घेतला हे प्रताप सोडून कोणालाच कळले नाही. तो मसुदा वाचून इतका हसला की त्याची पत्नी, नंदावहिनी, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

२००४ च्या उन्हाळ्यात प्रतापचा भाचा देवांग काळमेघ नोकरीसाठी शॉमबर्गला आला. सव्वीस वर्षांचा, डावखुरा, अबोल. चौदा आणि पंधरा ऑगस्टला स्पर्धा झाली. देवांगने तीन सामन्यांत अकरा बळी घेतले आणि शॉमबर्गने अंतिम सामना जिंकला. बक्षीससमारंभात कप देवांगच्या हातात दिला गेला. त्यानंतर आभार मानण्यासाठी माइक माझ्याकडे आला.

सदस्यांची नोंदवही मी सवयीने बरोबर आणली होती आणि सामना संपता संपता सहज चाळली होती. देवांगची नोंद एकवीस जूनची. चौदा ऑगस्टपर्यंत चोपन्न दिवस.

मला जे वाटले ते लपवीत नाही. मला आनंद झाला. एकशे तेहतीस वर्षांनी, त्याच इलिनॉय राज्यात, तोच नियम, तीच चूक! मी माइकवर सांगू लागलो. रॉकफर्ड सांगितले, समिती सांगितली, साठ दिवसांमागचे तर्कशास्त्र समजावून दिले. माझ्या कल्पनेत गर्दीतला एक माणूस तरी या योगायोगावर हसणार होता. तो माणूस पहिल्या रांगेत उभा होता आणि हसत नव्हता. मी म्हणालो, "त्यामुळे नियमानुसार शॉमबर्गचे तीनही विजय बाद ठरतात." कोणीतरी मागून ओरडले, "बोगस प्लेयर!" दोन-तीन जण हसले. देवांग कप धरून तसाच उभा होता. तो ठेवायचा कुठे हे त्याला कळत नव्हते.

प्रताप पुढे आला, त्याने भाच्याच्या हातून कप घेतला आणि माझ्यासमोरच्या टेबलावर ठेवला. म्हणाला, "घ्या खांबेटेसाहेब." आठ वर्षांत तो मला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणाला.

पुढच्या शनिवारी साडेनऊला मी बूट घालून दारात बसलो होतो. अकरा वाजता बूट काढले. उरलेली नऊ कार्डे मी बस बदलत बदलत जाऊन एकट्याने पूर्ण केली. मायक्रोफिल्म वाचायची आणि लिहायचेही, अशी दोन्ही कामे एका माणसाला जमतात. फक्त वेळ लागतो आणि कोणी काही बोलत नाही.

कलम ७. हे कलम लिहिण्यासाठीच हे मृत्युपत्र आहे.

मार्च २००६ मध्ये मी मायक्रोफिल्मच्या छापील प्रतींची पाकिटे लावत होतो. एका पाकिटातून मंडळाचा सदस्यत्वाचा अर्ज निघाला. देवांग श्रीधर काळमेघ. खाली त्याची सही. हातात आलेल्या प्रत्येक कागदावर वरच्या उजव्या कोपऱ्यात मिळाल्याची तारीख पेन्सिलीने टाकायची, ही माझी छत्तीस वर्षांच्या नोकरीतली सवय. कोपऱ्यात माझ्या अक्षरात लिहिले होते: '१२ जून २००४, प्रतापकडून, ग्रंथालयात.'

बारा जून शनिवार होता. प्रतापने अर्ज माझ्या हातात दिला, मी तारीख टाकली आणि त्या दिवशीच्या प्रतींबरोबर पाकिटात सारला. एकवीस तारखेला आठवण झाली, तेव्हा नाव तेवढे वहीत चढवले, आणि दिनांकाच्या रकान्यात त्या दिवसाची तारीख घातली.

मंडळाच्या घटनेनुसार अर्ज सचिवाच्या हाती येतो त्या दिवसापासून सदस्यत्व सुरू होते. घटनेतील हे वाक्यही माझेच आहे. बारा जून ते चौदा ऑगस्ट, त्रेसष्ट दिवस. मुलगा पात्र होता. चूक माझी होती, आणि ती मी त्याच्या माथी, पासष्ट माणसांसमोर, उदाहरणांसह समजावून मारली.

त्यानंतर ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही. आधी वाटले, पत्र लिहावे. लिहिलेही, चार मसुदे झाले. मग वाटले, दोन वर्षांनी उकरून काय उपयोग? मग तीच सबब तीन वर्षांची झाली. अर्ज कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात आहे.

कलम ८. म्हणून उपरोक्त एकशे सत्तावीस कार्डे, पाकिटे, खणांचे कपाट आणि सदर अर्ज मी प्रताप गोविंद वानखडे यांच्या नावे ठेवत आहे. शिकागोतील एका संस्थेला मी संग्रहाबद्दल विचारले होते. त्यांनी अतिशय सुरेख कागदावर नकार कळवला. नेत्रा म्हणाली, "बाबा, एकशे सत्तावीस मॅचेस कोणाला हवेत? आय मीन धिस नाइसली." तिचा प्रश्न रास्त आहे. मला उत्तर एकच माहीत आहे आणि ते शॉमबर्गला राहते.

(येथपर्यंतचा मजकूर रविवार, ३ फेब्रुवारी २००८ रोजी लिहिला. यापुढील मजकूर शनिवार, १६ फेब्रुवारीचा आहे.)

कलम ९. मधल्या तेरा दिवसांत काय झाले ते क्रमाने सांगतो, कारण त्यामुळे कलम ८ बदलत आहे.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. पहिल्या डोरोथी. दुसऱ्या नावासाठी मी फोनची वही घेऊन बसलो. 'अ' पासून 'ह' पर्यंत गेलो. निम्म्या नावांपुढे शरयूच्या अक्षरात वाढदिवस लिहिलेले होते; ती तिची माणसे होती. काही नावे आता या जगात नाहीत. काहींना मी फोन केला असता तर "कोण खांबेटे?" एवढे तरी त्यांनी नक्की विचारले असते. वकीलबाईंना मी ही अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, कचेरीतली टंकलेखिका सही करेल, काळजी नको. मग कलम ७ चा गोषवारा ऐकून त्यांनी विचारले, "तुम्हाला हे माहीत आहे ना, की मृत्युपत्र तुमच्यानंतरच उघडले जाते? त्यांना काही म्हणायचे असेल तर ते कोणाला म्हणतील?"

मी ट्रेनने घरी येईपर्यंत याच वाक्यावर विचार केला. ज्या माणसाने भर मैदानात मला उलट उत्तर दिले नाही, त्याला मी अशी व्यवस्था करून देत होतो की त्याने कधीच देऊ नये.

त्या संध्याकाळी प्रतापकडे फोन केला. नंदावहिनींनी उचलला.

"वहिनी, मी मोरेश्वर."

पलीकडे काही क्षण फक्त चिकटपट्टी ओढल्याचा आवाज. मग, "थांबा हं भाऊजी, ह्यांना देते."

"बोल," प्रताप म्हणाला.

"मृत्युपत्र करतोय. साक्षीदार हवा आहे."

"काहून? मरून राहिला का?"

"इतक्यात नाही."

"मग एवढी घाई कशाची? आम्ही सामान बांधून राहिलो इथं."

"कसलं सामान?"

"अॅरिझोनात, चँडलरला चाललो. देवांगनं घर घेतलं तिकडं. घर विकलं आमचं. एकोणतीसला निघतो. तुला कोणी सांगितलं नाही?"

"मला कोण सांगणार, प्रताप?"

त्याने चिकटपट्टी दातांनी तोडल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "शनिवारी येतो. जेवायला थांबणार नाही."

आज सकाळी तो आला. साडेनऊला. डोरोथी आधीच येऊन बसल्या होत्या. सहीपूर्वी मी प्रतापला म्हणालो, साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, पण कलम ७ तू ऐकावेस. मी उभा राहून वाचले. डोरोथींना मराठी येत नाही, त्यांनी मध्येच विचारले, "मिस्टर के, इज धिस अबाउट द बेसबॉल?" प्रताप म्हणाला, "यस मॅडम. ऑल्वेज."

वाचून झाल्यावर मी अर्ज त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो उचललाही नाही.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"अबे, फॉर्म मीच दिला होता ना तुला. तारीख टाकताना पाहिलं मी. तू माइकवर बोलून राहिला होता तेव्हाच माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस? एका वाक्याचं काम होतं."

"बोललो असतो तर?" त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "वहिनी जाऊन दोन वर्षं नव्हती झाली. तुझ्याजवळ काय होतं तेव्हा? मंडळाची ती वही, अन् ही कार्डं. मोरेश्वर खांबेटे कधी चुकत नाही, एवढंच होतं. तेही लोकांपुढं काढून घेऊ का तुझ्याकडून?" मग तो म्हणाला, "पण मला वाटलं, घरी जाऊन बघशील. सोमवारी फोन येईल. मंगळवारी येईल. मग मलाही राग आला, राजा. साडेतीन वर्षं माणूस वाट पाहते तर राग येते."

शॉमबर्ग ते नेपरव्हिल गाडीने चाळीस मिनिटांचा रस्ता आहे. तेवढ्या अंतरावर आम्ही दोघे एकमेकांच्या फोनची वाट पाहत बसलो होतो, आणि आता तो अॅरिझोनाला निघाला आहे.

मी माफी मागितली. तो म्हणाला, "माझी कशाला मागतोस? माझा कप होता का?" आणि त्याने स्वतःच्या मोबाइलवर नंबर लावून तो माझ्या हातात दिला.

"हां मामा, बोल ना. मी हार्डवेअरच्या दुकानात आहे यार, तुझ्या बाथरूमचं हँडल बघतोय."

मी माझे नाव सांगितले आणि सर्व हकीकत सांगितली. तारखांसह, पण उदाहरणे न देता. देवांग आता तीस वर्षांचा आहे. त्याच्या बाजूने दुकानातल्या ढकलगाड्यांचा खडखडाट ऐकू येत होता.

"इट्स ओके काका," तो म्हणाला. मग, "काका, एक सांगू का? कप दिला ना, तेव्हाच एकानं फोटो काढला होता. मी त्या रात्री तोच घरी मेल केला, जिंकलो एवढंच लिहून. आईनं तो फ्रेम करून घेतला. अमरावतीला हॉलमध्ये आहे, टीव्हीच्या वर. जो येईल त्याला दाखवते. 'माझा पोरगा अमेरिकेत जिंकला.' पुढचं मी तिला सांगितलंच नाही कधी. घरी गेलो की त्या भिंतीकडे पाठ करून जेवतो मी."

मला एकही वाक्य सुचले नाही. मला ओळखणाऱ्यांना याचा अर्थ कळेल.

देवांगच म्हणाला, "काका, आहात ना? प्लीज तिला काही कळवू नका हं. तिला कळलं की मी चार वर्षं खोटं बोललो..."

मी त्याला म्हणालो की तो खोटे बोललेला नाही.

कलम १०. प्रताप यांनी साक्षीदार म्हणून सही करण्याचे ठरवल्यामुळे कायद्याने त्यांना माझ्याकडून काहीही घेता येत नाही. कलम ८ मधील त्यांचे नाव रद्द समजावे. मी हे त्यांना दोनदा समजावून सांगितले. ते म्हणाले, "मेल्यावर कार्डं घेऊन मी काय करू? वाचायला तू पाहिजे." सदर संग्रह देवांग श्रीधर काळमेघ, राहणार चँडलर, अॅरिझोना, यांना मिळावा. त्यांना विचारले आहे. ते म्हणाले, "पाठवा काका, पण मला बेसबॉलमधलं काहीच कळत नाही." मी समजावून सांगू लागलो तेव्हा प्रतापने माझ्या हातून फोन काढून घेतला.

साक्षीदाराच्या पत्नीलाही काही देता येत नाही, म्हणून शरयूचे पुरणयंत्र मी नंदावहिनींसाठी आजच प्रतापच्या गाडीत ठेवले. तो जेवायला थांबणार नाही. सामानाचा पहिला ट्रक दुपारी यायचा आहे.

कलम ११. शेवटचे. खालील निवेदन जाहीर करण्यासाठी माझ्या मृत्यूची वाट पाहू नये. याची प्रत मी सोमवारी मित्रमंडळाच्या विद्यमान कार्यकारिणीला टपालाने पाठवत आहे आणि ती पुढील सभेत मोठ्याने वाचली जावी अशी माझी मागणी आहे.

मी, मोरेश्वर विनायक खांबेटे, तत्कालीन सचिव, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, देवांग श्रीधर काळमेघ हे १४ व १५ ऑगस्ट २००४ रोजी सदस्यत्वाचे साठ दिवस पूर्ण केलेले, सर्वार्थाने पात्र खेळाडू होते. त्यांच्या संघाने तीनही सामने जिंकले. कप त्यांचा होता. त्यांना अपात्र ठरवणारी नोंद माझ्या हातून चुकीची झाली आणि ती चूक कळल्यावरही मी जवळजवळ दोन वर्षे गप्प बसलो.

या जाहीरनाम्याची प्रत अमरावती येथे देवांगच्या मातोश्री श्रीमती शैलजा काळमेघ यांना मात्र पाठवू नये. त्यांच्या भिंतीवर जे आहे ते पहिल्या दिवसापासून बरोबर आहे. त्यात दुरुस्ती करण्यासारखे काही नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो मला मान्य आहे, आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत मी त्यावर सही करत आहे. त्या दोघांनी माझ्या आणि एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या.

सही: मोरेश्वर विनायक खांबेटे

साक्षीदार १: डोरोथी कोवाल्स्की, नेपरव्हिल
(मजकूर वाचलेला नाही, सही करताना पाहिले.)

साक्षीदार २: प्रताप गोविंद वानखडे, शॉमबर्ग, १ मार्चपासून चँडलर
(कलम ७ ऐकले. कलम ९ ते ११ माझ्यासमोर लिहिले; मी म्हटलं थोडक्यात लिही, ऐकलं नाही.)

स्थळ: नेपरव्हिल, इलिनॉय
दिनांक: शनिवार, १६ फेब्रुवारी २००८